पायाला कळतं, कानाला नाही

पत्र

दादा, मी नाशिकला राहतो, वय २७. अकरा वर्षं गिटार वाजवतोय, त्यातली सहा आमच्या ऑर्केस्ट्रात. जुनी हिंदी-मराठी गाणी, गणपती-नवरात्रात कार्यक्रम, एरवी लग्नाची रिसेप्शनं. मार्चमध्ये आमचा बास गिटार वाजवणारा नोकरीसाठी बंगळुरूला गेला. दोन महिने कीबोर्डवाल्यानं डाव्या हातानं बास सांभाळला. गिटारवाला कुठेही मिळतो, बासवाला मिळत नाही, म्हणून मग सगळ्यांनी मलाच बास घ्यायला लावली. चार तारांची सेकंडहँड बास घेतली. घरी माझ्या गिटारच्या अँपवर फार सुंदर वाजते, खोली भरून जाते. हॉलमध्ये मात्र एक तर सगळं घुमतं, नाही तर मी गायबच होतो. आमच्या गायिका ताई म्हणाल्या, तुझ्यामुळे मला पट्टी सापडत नाही. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं, त्यात मी नाहीच. गिटारचं आवाज खरखरीत करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल लावून पाहिलं, तर आणखी बिघडलं. मोठा अँप घेऊ का चांगली बास घेऊ? पैसे एकदाच खर्च करता येतील. आणि खरं सांगू का, सोलो वाजवणारा मी आता मागे ऑक्टोपॅडशेजारी उभा असतो, ते मनाला लागतं. कोजागरीला मोठा कार्यक्रम आहे.

मागच्या रांगेतला, नाशिक

उत्तर

मित्रा,

दादा म्हणून लिहिलंस, तेव्हा मीही तुला अरे-तुरेच करतो. पैशाचा प्रश्न आधी निकालात काढू. मोठा अँप घेऊ नकोस आणि दुसरी बासही घेऊ नकोस. पत्रात जे जे बिघडल्याचं लिहिलं आहेस, त्यातलं जवळजवळ काहीच त्या बासमुळे झालेलं नाही. थोडा खर्च करावा लागेल, तो कशावर ते पुढे सांगतो.

मीही गिटारवरूनच बासवर आलो, साधारण तुझ्याच वयात. सातारा जिल्ह्यातल्या एका जत्रेत आमचा कार्यक्रम होता. फळ्यांचं स्टेज, मागे कनात, समोर मैदान माणसांनी भरलेलं. मी अँपचं बासचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं. बास वाजवायची तर बासचंच बटण वाढवायचं, अशी माझी समजूत. मध्यंतरात आमचे ढोलकीवाले नाना, तेव्हा साठीच्या पुढचे, मांडीवर ढोलकी घेऊन सूर लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "तू वाजवतोस ते माझ्या पायाला कळतंय रे, कानाला नाही कळत." मग त्यांनी मला फळीवर तळहात टेकायला लावला आणि एका पोराला माझी सगळ्यात जाड तार छेडायला सांगितली. फळी थरथरत होती. सूर कोणता लागलाय, ते मात्र मलाही सांगता येईना.

नाना स्वतः उठले आणि अँपचं बासचं बटण खाली आणून मधलं वाढवलं. मी वाजवून पाहिलं. आवाज इतका कोरडा आणि नाकातला वाटला की हे लोकांसमोर कसं वाजवायचं, असं झालं. पण पुढचं गाणं सुरू झालं, ढोलकी आली, कीबोर्ड आला, आणि तोच नाकातला आवाज बघता बघता भरदार झाला. त्या रात्री पहिल्यांदा मला माझाच सूर स्टेजवर नीट ऐकू आला.

तुला सगळ्यात आधी हेच सांगायचंय. बासचा स्टेजवरचा आवाज एकट्यानं खोलीत बसून ठरवता येत नाही. तो बाकीच्यांच्या मधोमध उभं राहूनच ठरतो, आणि एकट्यानं ऐकताना तो बहुतेक वेळा आवडत नाही. गिटारवाल्याला हे पचायला जड जातं, कारण गिटारचा टोन आपण एकट्यानं ऐकून, कुरवाळून बनवलेला असतो.

आता कारणं सांगतो, म्हणजे उद्या दुसऱ्या हॉलमध्ये तुझं तुला सोडवता येईल. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ८२ कंपनं, बासची ४१. इतका खालचा आवाज हळू वाजत असेल तर कानाला फारच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलंय. आवाज लहान असला की कान खालचे सूर गाळतो, आवाज मोठा झाला की तेच सूर भरभरून ऐकू येतात. तू घरी शेजाऱ्यांचा विचार करून हळू वाजवतोस. खालचं कमी वाटतं, म्हणून बासचं बटण वाढवतोस. हॉलमध्ये तीच सेटिंग मोठ्या आवाजात लागते आणि खालचं सगळं उसळून वर येतं.

त्यात हॉलची भर पडते. ४१ हर्ट्झची एक लाट हवेत सव्वाआठ मीटरची असते, म्हणजे सत्तावीस फूट. ती भिंतींवरून परत येते तेव्हा कुठे दुप्पट होते, कुठे स्वतःलाच खाऊन टाकते. "एक तर घुमतं, नाही तर गायब" असं तू लिहिलंस, ते कदाचित एकाच गाण्यातल्या दोन सुरांबद्दल असेल. एक सूर लावलास की हॉल दणाणतो, दोन फ्रेट, म्हणजे मानेवरच्या दोन आडव्या धातूच्या तारा, वर सरकलास की तोच हात, तेच बोट आणि आवाज नाहीसा. म्हणून साउंड चेकला एक काम कर. पहिल्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक सूर सारख्या जोरानं वाजव आणि कोणता दणाणतो ते लक्षात ठेव. तो सूर त्या संध्याकाळी वरच्या सप्तकात किंवा दुसऱ्या तारेवर घेऊन बघ, आणि तिथे बोट हलकं ठेव.

ताईंना पट्टी का सापडत नाही? तानपुरा चांगला लागला की खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो, हे तू ऐकलं असशील. कुणी तो छेडत नाही, तो त्या तारेतच असतो. तुझ्या जाड तारेतही ४१ च्या वर ८२, १२३, १६४ असे स्वर एकावर एक रचलेले असतात, आणि कान सूर ओळखतो तो मुख्यतः त्या वरच्या स्वरांवरून. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडतच नाही, तरी चांगल्या रेकॉर्डिंगमधली बास आपल्याला मोबाईलवरही कळते, कारण वरच्या स्वरांवरून खालचा सूर कान स्वतः जुळवून घेतो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये तू नाहीस, याचा अर्थ तुझ्या आवाजात ते वरचे स्वर उरलेलेच नाहीत. नुसता पाया थरथरतोय. ताई बिचाऱ्या त्या थरथरीत षड्ज शोधतायत. म्हणजे मोबाईल हाच तुझा सगळ्यात स्वस्त तपासनीस. त्यावर तुझा सूर गुणगुणता येईल इतपत ओळखू आला, की हॉलमध्येही ओळखू येईल.

तर सेटिंग अशी धर. अँपवर तीनच बटणं असतील तर घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आण: बास अकरावर, मिड दोनवर, ट्रेबल बारावर. बासवरचं व्हॉल्यूम पूर्ण, टोनचं बटण निम्म्यावर. साउंडवाल्याकडे डिजिटल मिक्सर असेल तर तुझ्या चॅनलवर ४० हर्ट्झच्या खालचं कापायला सांग, २५० च्या आसपास थोडं कमी करायला आणि ७०० ते ८०० मध्ये थोडं वाढवायला. २५० ला तो बद्दपणा साठतो ज्यानं सगळा ऑर्केस्ट्रा पांघरुणाखाली वाजल्यासारखा वाटतो, आणि ८०० ला बोटाचा शब्द असतो. तुझ्या बासवर तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप असतील तर एक प्रयोग कर. दोन्ही सारखे पूर्ण ठेवले की आवाज गोड होतो, पण मधला भाग थोडा पोकळ होतो. मानेकडच्या पिकअपचं व्हॉल्यूम जरासं कमी केलंस की आवाज पुढे येतो.

गिटारचा अँप आजपासून बाजूला ठेव. हळू वाजवलंस तर काही होणार नाही, पण जोरात वाजवलंस तर त्याचा स्पीकर फाटेल, तो या हेलकाव्यांसाठी बनलेलाच नसतो. आणि ते ओव्हरड्राइव्ह: गिटारची बहुतेक ओव्हरड्राइव्ह पेडलं खालचा आवाज मुद्दाम कापतात, म्हणजे गिटार बासच्या अंगावर जाणार नाही. तू स्वतःच बास असताना ते दाबलंस, तर तू स्वतःलाच कापलंस. गिटारकडेच राहू दे ते.

पैसे कशावर घालायचे? एक डीआय बॉक्स घे, शक्यतो प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवायची-घडवायची बटणं, असलेला. लहानशी लोखंडी डबी असते. एका बाजूनं बासची केबल आत, दुसऱ्या बाजूनं माइकसारखी तीन पिनांची केबल थेट मिक्सरला. लोकांना ऐकू जाणारी बास या डबीतून मोठ्या स्पीकरला जाते, स्टेजवरचा अँप फक्त तुझ्यासाठी आणि तुझ्या शेजाऱ्यांसाठी. म्हणून तो मोठा असायची गरजच नाही. सध्या साउंडवाल्याच्या मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरवर, भागव, पुढे जमेल तेव्हा शंभरेक वॉटचा बासचा अँप बघ. डबी घेताना तिच्यावर मिडचं वेगळं बटण आहे का ते बघून घे, काही नावाजलेल्या डब्यांवरही ते नसतं. उरलेल्या पैशात तारांचा नवा सेट, ४५ ते १०५ जाडीचा, आणि एखाद्या जाणत्या कारागिराकडून बासचं सेटअप. मान सरळ, तारांची उंची योग्य, बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेच्या सुराशी जुळलेला. सेकंडहँड वाद्यात हे बहुतेक बिघडलेलंच असतं. फेंडर कंपनीनं १९५१ मध्ये आणलेल्या बासचं नाव प्रिसिजन होतं. उभ्या डबल बासवर सूर कानानं शोधावा लागतो, फ्रेटवर तो नेमका मिळतो, म्हणून ते नाव. पण बाराव्या फ्रेटलाच सूर खोटा असेल तर त्या फ्रेटचा काय उपयोग?

या डबीवर बहुधा ग्राउंड लिफ्ट नावाचं एक लहान बटण असतं, ते तुला मंडपात फार लागणार आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बासच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी आहे तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात अर्थिंग खराब असेल तर येणारी घूं तुझ्या एका सुराला जवळपास चिकटूनच बसते, आणि त्या सुराजवळ आलास की आवाज पोहल्यासारखा वर-खाली होतो. घूं आली की ते बटण दाबून बघ. पण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला कुणी सांगितलं, तर ऐकायचं नाही. पावसाळ्यात ओल्या स्टेजवर एका हातात बास आणि ओठांजवळ माइक, अशानं माणसं दगावली आहेत.

आता ज्याबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, ते. माझ्या मते तुझी निम्मी अडचण तुमच्या कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात आहे.

दोन महिने त्यानं बास सांभाळला. हाताला सवय लागते, तू आलास म्हणून ती जात नाही. तो अजूनही डाव्या करंगळीनं खालचा सा धरत असणार, सस्टेन पेडलही दाबलेलं असणार. तू तोच सूर वाजवतोस, थोडा आधी किंवा थोडा नंतर. दोन बास एकमेकींवर चढल्या की घुमणं आलंच. आणि अधूनमधून त्याचा सूर तुझ्या सुराला खाऊन टाकतो, मग तू गायब. कितीही महागडा अँप आणलास तरी हे सुटणार नाही. त्याच्याबरोबर एकदा फक्त दोघं बसा, बाकी कुणी नको. एक गाणं घ्या. आधी त्यानं दोन्ही हातांनी वाजवावं आणि तू वाजवावंस, मग त्यानं डावा हात मांडीवर ठेवून तेच गाणं परत. मोबाईलवर दोन्ही रेकॉर्ड करून त्यालाच ऐकव. आपण सांगितलं की माणूस दुखावतो, स्वतः ऐकलं की त्याला पटतं. त्यानं अडचणीच्या काळात ऑर्केस्ट्रा तारून नेला, तेवढं मात्र आधी मनापासून बोलून दाखव.

मग ढोलकी आणि ऑक्टोपॅड. गिटारवाल्याला सूर सुरू करता येतो, तो कुठे थांबवायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, कारण गिटारचा सूर आपोआप विरतो. बासची तार लांब, चौतीस इंच, गिटारची साडेपंचवीस. ती घुमतच राहते. तुझा एक सूर पुढच्या सुरावर सांडतो आणि त्यालाच आपण घुमतंय म्हणतो. केरवा घे: धा गे न ती, न क धिं न. डग्ग्याचा घुमारा पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेला येतो, मधे तो गप्प असतो. तू समेवर त्याच्याबरोबर ये आणि दुसऱ्या मात्रेला सूर बंद कर, म्हणजे त्या "गे"ला घुमायला जागा मिळेल. पाचव्या मात्रेला डग्गा नाही, तिथे तुझा दुसरा सूर ठेव आणि सातव्या मात्रेला तोही उचल. बंद करायचा म्हणजे डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलायचं नाही, दाब सोडून नुसतं टेकवून ठेवायचं. रोज पंधरा मिनिटं, मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत, एकच सूर. आठ दिवसांत तुमचा ढोलकीवाला तुझ्याकडे बघायला लागेल. तो का बघतोय, ते तुला न सांगता कळेल.

उजव्या हाताबद्दल. प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची ती चकती, सोडलंच पाहिजे, असं तुला कुणी ना कुणी सांगेल. सोडायलाच हवं असं काही नाही. कॅरल के या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये गिटार वाजवायच्या. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बासवाला आलाच नाही म्हणून त्यांनी बास हातात घेतली. पुढे हजारो गाण्यांत त्या बास वाजत्या झाल्या, त्याही प्लेक्ट्रमनं. घुमारा आवरायला त्या तारांवर फेल्टचा तुकडा लावायच्या. त्याच काळात डेट्रॉइटला जेम्स जेमरसन प्रिसिजनवर सपाट वेटोळ्याच्या तारा लावून, ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथे, फोम ठेवून, उजव्या हाताच्या एकाच बोटानं वाजवायचे. दोघांची तऱ्हा वेगळी, पण सूर लांबू द्यायचा नाही, हे दोघांचंही सारखं.

तुम्ही जुनी गाणी वाजवता, म्हणून हे तुला लगेच उपयोगी आहे. भांडी घासायचा नवा कोरा स्पंज घे, हिरवी खरखरीत बाजू कापून टाक, मऊ भागाची दोन बोटं रुंद पट्टी काप आणि ब्रिजला लागून चारही तारांच्या खाली सरकव. तारांना जेमतेम टेकली पाहिजे, वर दाबायला नको. सूर "डूंऽऽऽ" न येता "डुम्" असा येईल, गोल आणि आखूड. पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास गिटार आहे, ती हेडफोन लावून ऐक. गाणं नको ऐकूस, फक्त बास. प्रत्येक सूर कुठे संपतो तेवढंच बघ. नव्या गाण्यांच्या वेळी पट्टी काढून खिशात ठेव.

आणि जोरात वाजवू नकोस. गिटारवाला बासची जाड तार बघून अंगातलं सगळं बळ लावतो, तार फ्रेटवर आपटते, खटखट ऐकू येते आणि सूर हरवतो. बोट हलकं, व्हॉल्यूम जास्त. उजवा हात ब्रिजकडे नेलास की आवाज घट्ट होतो, मानेकडे नेलास की गोल. हा तुझा खरा टोन कंट्रोल, गाणं चालू असतानाही हात तिथे पोचतो. डाव्या हाताला खालच्या फ्रेटवर चार बोटं ताणत बसू नकोस. पहिलं, दुसरं आणि करंगळी, एवढ्यावर भागव, नाही तर महिन्याभरात मनगट धरेल.

आता मागच्या रांगेबद्दल. तुला लागलं, ते साहजिक आहे. सहा वर्षं ज्या जागेवरून टाळ्या घेतल्या ती जागा रिकामी दिसते आणि आपण चार पावलं मागे असतो. पॉल मॅकार्टनी बीटल्समध्ये आधी गिटार वाजवायचे. १९६१ मध्ये त्यांचा बासवाला बँड सोडून गेला आणि ती जबाबदारी त्यांच्यावर येऊन पडली. तुझ्यासारखंच, दुसरं कुणी घेईना म्हणून. नंतर त्यांनी बासला गाण्यातला दुसरा गळा करून दाखवलं. आपल्याकडे मुंबईची मोहिनी डे आहे. रहमान यांच्याबरोबर बास घेऊन उभी राहायची तेव्हा समोरचे लोक तिच्याचकडे बघत असायचे. त्यामुळे बास म्हणजे मागची रांग, हा नियम कुठे लिहिलेला नाही.

पण नावं सांगून तुझं मन भरणार नाही, म्हणून एक व्यवहाराचं सांगतो. कीबोर्डवाल्याशी बसशील तेव्हा त्याच्याकडून एक गाणं मागून घे. असं गाणं ज्यात तुझा जुना सोलो आहे. त्या एका गाण्यात बास त्याच्या डाव्या हाताकडे, तू गिटार घेऊन पुढे. त्याचा डावा हात मोडीत निघणार नाही, तुझी अकरा वर्षंही नाहीत. हे ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेव, कोजागरीच्या आदल्या रात्री नको.

मला स्वतःला बासवर आल्यावर काय मिळालं, तेही सांगतो. गिटार वाजवताना मी गाण्यातला माझा भाग ऐकायचो. बासवर आल्यावर गायिका श्वास कुठे घेतात ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. अंतऱ्याआधी त्या अर्धी मात्रा थांबतात, तेव्हा मीही सूर उचलतो, आणि त्या परत येतात तेव्हा त्यांच्या पायाखाली सा ठेवतो. तुमच्या ताई पट्टी सापडत नाही म्हणाल्या ना? पुढच्या तालमीत त्यांच्याजवळ जाऊन उभा राहा, ऑक्टोपॅड आणि त्या दोघांच्या मधे. मॉनिटरमध्ये त्यांना तुझी बास थोडी द्यायला सांग, मिड वाढवलेली.

कोजागरीचा कार्यक्रम मैदानात असेल तर भिंती नाहीत, आवाज परत येणार नाही. तिथे बासचं बटण अकरावरून बारावर नेलंस तरी चालेल. अँप असेल तर तो फळ्यांवर ठेवू नकोस, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेव आणि मागे कलता, कानाकडे तोंड करून. साउंडवाल्यांना लवकर भेट, चहा त्यांच्याबरोबर घे. यादीतलं सगळ्यात हळू आणि सगळ्यात दणक्याचं, दोन्ही गाणी त्यांना वाजवून दाखव, आणि त्यांनी लेव्हल लावली की नंतर आपल्या व्हॉल्यूमला हात लावू नकोस. मग एखाद्या मित्राच्या गळ्यात बास अडकवून तू स्वतः दहाव्या खुर्चीपर्यंत चालत जा आणि तिथून ऐक. तिथे सूर ओळखू येतोय का, तेवढंच बघ. येत नसेल तर मिड आणखी थोडं वाढव.

तालमीचं रेकॉर्डिंग मला पाठव, कीबोर्डचा डावा हात असलेलं आणि नसलेलं, दोन्ही.

तुझा,
दादा

ता. क. बासच्या मागे लहानसं झाकण आहे का बघ. असेल तर आत नऊ व्होल्टची बॅटरी असू शकते. केबल बासमध्ये खोचलेली असेपर्यंत ती खर्च होत राहते, वाजवत असलास नसलास तरी. मी एकदा रात्रभर केबल तशीच राहू दिली होती. दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच गाण्यात आवाज फाटायला लागला, पाचव्यात गेला, आणि पुढचा सगळा कार्यक्रम मी हातात मुकी बास घेऊन उभा होतो. कोजागरीच्या सकाळी नवी बॅटरी घाल आणि आणखी एक खिशात ठेव, स्पंजाच्या पट्टीशेजारी.